देवाला दिलेलं सिमेंट

एकदा सगळ्यांनी मोठ्यानं रामनाम घ्या बघू, म्हणजे मागच्या रांगेत कोण झोपलंय ते मला कळेल... घेतलं? बरं. दोघं आहेत. असू देत.

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. देवाला दिलेलं नाकारता येतं का? सांगा की! एखाद्यानं मोठ्या भक्तीनं देवापुढे काही आणून ठेवलं आणि तुम्ही म्हणालात, हे नको, परत न्या! पाप लागेल की पुण्य? ...या बाजूचे म्हणतात पाप. तिकडच्या माउल्या काहीच बोलत नाहीत. त्यांना ठाऊक आहे, बुवा शेवटी उलटंच सांगणार. थांबा. आधी ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या वर्षीची माझी तारीख जाईल. गावात मारुतीचं देऊळ, आणि देवळापुढे पत्र्याचा मांडव. चैत्रातल्या हरिनाम सप्ताहात तो पत्रा असा तापायचा की कीर्तनकाराला वाटावं, लोक भक्तीनं विरघळले! लोक नुसतेच विरघळलेले असायचे.

तर गावानं ठरवलं, आता मांडवाशेजारी पक्का सभामंडप बांधायचा. खांब, तुळया, वर स्लॅब! सरकारी योजनेतून खडी, वाळू, लोखंड मंजूर झालं. सिमेंट मात्र गावाचं. कसं? घरटी एक पोतं! एकशे चाळीस घरं, एकशे चाळीस पोती. गरीब असो, श्रीमंत असो, प्रत्येकाचा वाटा मारुतीच्या डोक्यावर. केवढा सुंदर विचार!

पण मंडळी, देवाला द्यायचं म्हटलं की आपण काय करतो? खरं सांगा. नारळ घेताना दुकानदाराला काय म्हणतो? "देवाचाच आहे, लहान दिला तरी चालेल." मग सिमेंटचं काय होणार? कुणी नवं कोरं पोतं आणलं. कुणी न्हाणीघर बांधताना उरलेलं आणलं. एकानं तर गोठ्यात म्हशीला टेकायला ठेवलेलं पोतं आणलं. म्हैस तीन दिवस रुसली होती म्हणतात. ते आपल्याला कळलेलं नाही, पण रुसली असेल.

या कामावर गवंडी होता तुळशीराम मिस्त्री. एकतीस वर्षांचा अनुभव. ओळंबा न लावता भिंत बघायचा आणि सांगायचा, अर्धं बोट बाहेर गेलीय. मोजलं तर अर्धं बोटच! हाताचा सच्चा, पण तोंडाचा मुका. चुकलेलं दिसायचं त्याला, सांगवायचं नाही. सांगितलं तर समोरच्याला वाईट वाटेल, म्हणून तिथं गप्प बसायचा आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा. बायको कौसल्या. ती बिचारी कुणाकुणाच्या भिंतींचं ऐकून घेणार!

स्लॅबच्या चार दिवस आधी देवस्थान समितीचे अध्यक्ष आले. रंगरावआबा भोईटे. वय बहात्तर, मिशी त्याहून जुनी. आबांनी एक पोतं नाही, पाच पोती आणली! ट्रॅक्टरमधून, पुढे हलगी, प्रत्येक पोत्याला हार. बंगला बांधला तेव्हा उरलेली. बंगला केव्हा बांधला? सात वर्षांपूर्वी.

तुळशीरामानं पुढे होऊन पोतं उतरवून घेतलं. सवयीनं बोटानं टिचकी मारली.

टक्!

आता तुमच्यात बांधकामाचे जाणकार असतील त्यांना कळलं. बाकीच्यांना सांगतो. चांगल्या सिमेंटचं पोतं वाजत नाही. बोट आत दबतं. तोंड सोडून हात घातला तर पिठासारखं मऊ, आणि आतून गार लागतं. आणि टक् वाजलं म्हणजे? आत दगड झालाय. ज्या कामासाठी सिमेंट जन्माला आलं, ते काम त्यानं पोत्यातच उरकून घेतलं! आता तुळईत जाऊन ते काय करणार? काही नाही. पेन्शनवर आहे ते.

तुळशीरामानं ते ओळखलं. पण समोर आबा, हलगी वाजतेय, पोत्याला हार. "आबा, हे चालणार न्हाय" असं म्हणायचं? देवाला दिलेलं? आणि त्याला या गावातलं पहिलं घर बांधायला दिलं ते आबांनीच! तुळशीराम म्हणाला, "ठेवा की तिकडं." मनात म्हणाला, ढेकळं फोडू, चाळणीनं चाळू, भागेल. भागणार नव्हतं. त्याला माहीत होतं.

स्लॅबचा दिवस उजाडला! जोशीबुवांनी मुहूर्त काढलेला, दहा वाजून चाळीस मिनिटं. मिक्सर येऊन उभा. सेंट्रिंगच्या फळ्यांवर लोखंडाची जाळी बांधलेली. खाली सावलीत गावच्या बाया जेवणाचा तांदूळ निवडत बसलेल्या, गाणं म्हणत. कौसल्या त्यांच्यातच.

आणि दहाला स्कूटीवरून आल्या मॅडम! तालुक्याच्या बांधकाम खात्याच्या इंजिनिअर. रेवती घोलप नाव, वय सत्तावीस, हातात टेप. त्यांनी बघून सही केल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, असा नियम. आबा म्हणाले, "या बाई, चहा घ्या, सही करा, नारळ फोडा."

मॅडम म्हणाल्या, "आधी बघते."

चढल्या वर. लोखंडाचं अंतर मोजलं. जाळीखाली सिमेंटच्या ठोकळ्यांऐवजी दगडाचे तुकडे सारले होते, ते काढायला लावले. खाली उतरल्या, पोत्यांकडे गेल्या. एकात हात घातला, ठीक. दुसऱ्यात घातला, ठीक. तिसऱ्यात हात जाईना! हारामुळे नव्हे. आत वाटच नव्हती.

"हे पोतं कुणाचं?"

आबा म्हणाले, "देवाचं."

"देवाचं असलं तरी त्याच्यावर तारीख आहे. सात वर्षांपूर्वीची."

आबा हसले. "बाई, भक्तीनं दिलेला माल हाय. मारुती पडू द्यील व्हय?"

"मारुती नाही पाडणार. वजन पाडेल."

दहा वाजून तीस मिनिटं! जोशीबुवा घड्याळाकडे बघतायत. लोक म्हणायला लागले, पोरगी शिकलेली दिसते, पण रीत कळत नाही. मॅडमनी आबांशी वाद घातलाच नाही. त्या सरळ तुळशीरामापुढे गेल्या.

"मिस्त्री, तुमच्या घराचा स्लॅब तुम्ही या सिमेंटचा टाकाल का?"

मंडळी! सगळं गाव मिस्त्रीकडे बघायला लागलं.  तुळशीरामानं आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली, म्हणजे 'हो म्हण'. हो म्हटलं असतं तर काय होतं? सही कदाचित मिळाली असती, मुहूर्त साधला असता, सप्ताह नव्या मंडपात झाला असता, आणि मिस्त्रीचं नाव मंडपाच्या पाटीवर लागलं असतं. त्यानं नजर बाजूला वळवली. सेंट्रिंगच्या खाली बाया गात होत्या. बरोबर मधल्या तुळईच्या खाली कौसल्या बसलेली, मांडीवर सूप. सप्ताहातही ती तिथंच बसणार होती, तिथून कीर्तनकार नीट दिसणार म्हणून.

तुळशीराम म्हणाला, "नाही."

एवढंच! एकतीस वर्षांत तोंडातून निघालेला पहिला 'नाही'. स्वतःच्याच कानांवर त्याचा विश्वास बसेना.

मग जे झालं ते विचारू नका. आबा ओरडले, "तुळश्या! देवाच्या मालाला खोट काढतोस?" तुळशीराम म्हणाला, "आबा, चार दिवसांमागं पोतं उतरवलं तवाच वाजलं हुतं. म्या बोललो न्हाय. चूक माझी हाय." झालं! आबांनी भर मांडवात सांगितलं, उद्यापासून कामावर यायचं नाही. मुहूर्त गेला. तांदूळ मात्र शिजला, तो लोकांनी रागारागानं खाल्ला.

मॅडमनी एक केलं. सिमेंटचा कस बघायला लोखंडी साच्यांतून सहा ठोकळे ओतले. तीन चांगल्या पोत्यांतले, तीन आबांच्या पोत्यांतली ढेकळं फोडून, चाळून. दुसऱ्या दिवशी साचे काढले आणि ठोकळे मारुतीच्या हौदात बुडवून ठेवले. सात दिवस. आबा म्हणाले, "बाई, सात दिवसांनी माझा ठोकळा शाबूत निघाला तर तुम्ही मारुतीपुढं नाक घासायचं." मॅडमनी विचारलं, "आणि नाही निघाला तर?" आबा म्हणाले, "निघणार."

सात दिवस! हौदावर येणारी बाई घागर भरायची आणि ठोकळ्यांना हात जोडायची. तिसऱ्या दिवशी आबांच्या एका ठोकळ्याला शेंदूर लागला! चौथ्या दिवशी काठावर नारळ फुटला! आपला समाज, मंडळी. पाण्यात काही चौकोनी दिसलं की झालं.

आणि तुळशीराम? घरात बसून. न्हाव्यानं त्याला दोन तास बाकावर बसवलं आणि म्हणाला, आज वस्तऱ्याला धार नाही. ज्यांची घरं त्यानं बांधली ते त्याच्या घरावरून जाताना दुसरीकडे बघत. त्याला फार वाईट वाटायचं. रात्रीचं जेवण जायचं नाही. कौसल्येनं एकदा ताट पुढे सारलं आणि म्हणाली, "चार दिस आदी बोलला असता तर एकट्या आबांना राग आला असता. आता गावाला आलाय. मुक्या माणसाचं हे असंच असतंय, व्याजासकट फेडाय लागतं." बोलली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सातवा दिवस. मॅडम आल्या. सगळं गाव हौदाभोवती. ठोकळे बाहेर काढले. मॅडम म्हणाल्या, "हे तालुक्याला मशिनमध्ये दाबून बघू." आबा म्हणाले, "मशिन कशाला? द्या हिकडं!"

शेंदूर लागलेला ठोकळा आबांनी हातात घेतला. गावाला दाखवला. अंगठा ठेवला आणि दाबला.

कोपरा हातात आला.

बहात्तर वर्षांच्या माणसाच्या अंगठ्यानं! आबांनी दुसरा कोपरा दाबला. तोही आला. तिसरा दाबला नाही. मॅडम म्हणाल्या, "तरी मशिनमध्ये नेते. कागद लागतो."

 आबांनी हातातला चुरा तसाच मुठीत धरला आणि चालायला लागले. गाव मागोमाग. आबा कुठं निघाले? तुळशीरामाच्या दारात! तुळशीराम बाहेर आला, त्याला वाटलं, आता गावही सोडायला सांगतात की काय.

आबा म्हणाले, "पोतं वाजलं हुतं ना?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमचं हुतं, आबा. आनि देवाला दिलेलं."

आबांनी मूठ उघडली. चुरा बघितला. आणि तो मिशीवाला माणूस, मंडळी, दारात उभा राहून रडला. म्हणाला, "माझी नात कीर्तनाला येती रं. दमली की मधल्या खांबापाशीच झोपती, नव्या मंडपातबी तिथंच झोपली असती. म्या माझ्या हातानं तिच्यावर..." त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "चल कामाला. आनि मला 'न्हाय' म्हणायची सवय कर. मला ऐकायची सवय व्हायला जरा येळ लागंल."

जमलेल्या पोत्यांतली अडतीस बाजूला निघाली, त्यांच्या जागी नवी आली. देवाला दिलेलं घरी कसं न्यायचं? नेलं नाही. देवळाबाहेर चपला ठेवायच्या जागेखाली भराव म्हणून टाकलं. त्या वर्षी सप्ताह तापल्या पत्र्याखालीच झाला, आणि स्लॅब पुढच्या महिन्यात टाकला. मुहूर्त नव्हता, सही होती.

तर मंडळी, उत्तर मिळालं? देवाला दिलेलं नाकारता येतं. देवाच्या लेकरांच्या डोक्यावर पडणार असेल, तर नाकारावंच लागतं. नाकारण्याचं पाप नाही. तुळशीराम टिचकी मारून जे चार दिवस गप्प बसला, ते पाप! आणि 'नाही' म्हणायला दारात कुणी आलं, टेप घेऊन, वही घेऊन, तर त्याला वैरी समजू नका. आधी बसायला द्या. मग भांडा.

आता आपलं बघू. या गावात मला शाळेत उतरवलंय. व्यवस्था उत्तम, सतरंजी नवी. दुपारी वरच्या मजल्यावर निघालो, जिन्याच्या कठड्याला हात लावला. कठडा हलतो. मी बरोबरच्या माणसाला विचारलं, हे माहीत आहे का? तो म्हणाला, "सगळ्यांनाच म्हाईत हाय, महाराज. पर ती शाळा सरपंचांच्या कारकिर्दीत बांधलीया." खरं आहे का, मंडळी? ...बघा, कुणी वर बघत नाही. सगळे पहिल्या रांगेत बघतायत.

सरपंच, तुम्ही समोरच बसलाय, हार तुमच्याच हातात आहे, मघाशी मला घालायला आणलेला. घालायचा तर घाला, नाही तर ठेवा. पण कठडा हलतो. उद्या सकाळी साडेसातला पोरं पळत जिना चढतील. आता आरती घ्या, आणि आरती झाल्यावर कुणीतरी मिस्त्रीला बोलावा.