काकीच्या कमरेला आपण फार जपलं

हिर्डोशीकर मंडळी, आणि घाट चढून आलेले पै-पाहुणे, मला भाषण येत न्हाई. मी ह्या गावची आशा, दारोदार फिरून गोळ्या वाटणारी. इंदूकाकी माझ्या शेजारची. आज तिचा दहावा उरकून आपण देवळापुढं बसलोय. तरी बोलायला उभी राहिले. रडू येतंय म्हणून न्हाई. राग आलाय म्हणून.

आत्ता सरपंच म्हणाले, काकीला देवानं नेलं. देवाला कशाला मधी ओढता?

तीन वर्षांमागं काकीची कमर गेली. शीर दबलेली, पायात मुंग्या, उभं राहवंना. ऑपरेशन करायलाच पाहिजे होतं, त्यात वाद न्हाई. शहरातल्या दवाखान्यात मीच तिच्यासंगं होते. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी फोटो दाखवला. म्हणाले, "मणका एकदम ओके." काकीनं विचारलं, "सायेब, मणक्यापत्तुर गेलात कसं? वरच्या मांसाचं काय केलंत?" ते हसले. मीबी हसले. मंडळी, त्या हसण्याची मला आज लाज वाटती.

कारण म्हातारीनं बरोबर विचारलं होतं. मणक्याच्या दोन्ही अंगांनी जे स्नायू असत्यात, ते हाडापासून सोडवून, बाजूला दाबून धरून आत गेले होते. हे मला कधी कळलं? दोन वर्षांनी. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो बघितला तवा. म्हणाल्या, "ताई, मणका ठीक आहे. पण हे स्नायू बघा, वाळलेत. त्यांच्या जागी चरबी भरलीय." लहान छेद घेऊन, स्नायू न सोडवता त्यांच्या मधून वाट काढायची पद्धतबी हाय म्हणाल्या. सगळ्यांना ती चालत न्हाई. पण आमाला कुणी सांगितलं? मांडवाला खांब नवा घातला आणि ताणाचे दोर सोडून दिले, तर मांडव उभा राहील का?

बरं, उरलेलं मांस तरी वाचलं असतं. घरी जाताना दिलेल्या कागदावर एक शब्द होता, व्यायाम. कसा करायचा, कधी, शिकवणार कोण, कायबी न्हाई.

आणि मग आपण काय केलं? आपण जपलं! "काकी, वाकू नको." "काकी, उठू नको, तांब्या मी देते." कमरेचा पट्टा दीड महिन्यात काढायचा, तो आपण दोन वर्षं आवळून ठेवला. भाताच्या लावणीला गावानं इर्जिक घातलं, समद्यांनी मिळून तिचं खाचर लावलं, आणि तिला बांधावर खुर्चीत बसवली. लई मोठं मन आपलं! ती म्हणत होती, "चार मुठी तरी लावू द्या गं मला." न्हाई कोण म्हणालं? मी म्हणाले. मी, गावची आशा. तिच्या हातातली रोपं मीच काढून घेतली.

बसून बसून ती पाठ संपली. गेल्या महिन्यात ओट्याच्या पायरीवर तोल गेला, सावरायला कमरेत बळच न्हवतं. खुबा मोडला, अंथरूण धरलं, छाती भरली. ह्याला देवानं नेलं म्हणायचं?

काकी, माफी मागायला मला तोंड न्हाई.

आता एकच. तुमच्यात काकीचे धाकटे दीर, किसनतात्या, बसल्यात. तीन आठवड्यांमागं त्यांचंबी कमरेचं ऑपरेशन झालं. ह्या खेपेला मी डॉक्टरांपुढं ठाण मांडून विचारून आलेय. रोज उठायचं, चालायचं, आपल्या जोरावर.

काकीसाठी आपण दोन मिनिटं उभं राहू. शांत राहू.

बघा, तात्यांनी उठायला हात टेकला न्हाई तोवर तिघं धावले धरायला! सोडा त्यांना. सोडा म्हणते न्हवं!

तात्या, सावकाश. आमाला घाई न्हाई. तुमी आपले आपण उभं राहिलात, की मगच काकीची दोन मिनिटं सुरू होतील.