कोल्बीची सीट

अल्टन : नकाशा नीट धर, डेलिया, वारा बघ कसा सुटलाय. हां. इथून निघायचं आणि बोस्टनच्या वाटेला अजिबात जायचं नाही. तिथले लोक गाडी चालवत नाहीत, सूड उगवतात.

डेलिया : अल्टन, मी काय म्हणत होते...

अल्टन : वरून, व्हरमाँटमधून जा. डोंगर आहेत, पण गाडी चढेल. कालच नवा रेडिएटर बसवलाय. ह्या मेनच्या किनाऱ्यापासून पार ओरेगनच्या किनाऱ्यापर्यंत नेईल ही म्हातारी. फक्त वाटेत तिला पाणी पाजत जा.

डेलिया : मी किल्ली परत द्यायला आलेय.

अल्टन : कसली किल्ली?

डेलिया : ह्याच गाडीची. कोल्बीने दिली होती मला. आम्ही नाही जात. मी आणि वेस, दोघांनी मिळून ठरवलं.

अल्टन : आठवीपासून तुम्ही तिघं ह्या गॅरेजात बसून बेत करताय. शाळा संपली की इकडचा समुद्र सोडायचा आणि तिकडचा गाठायचा. मी विचारायचो, का रे, तिकडचा काय गोड आहे? तर कोल्बी म्हणायचा, आपल्याकडे सूर्य समुद्रातून उगवतो, मला तो समुद्रात बुडताना बघायचाय. आणि आता शाळा संपली, शनिवारी निरोपसमारंभात टोप्या उडवल्यात, तर म्हणे नाही जात.

डेलिया : त्याची टोपी नव्हती ना त्यात.

अल्टन : नव्हती. खुर्ची मात्र ठेवली होतीत तुम्ही पोरांनी, त्याचा बेसबॉलचा शर्ट घालून. बघितली मी.

डेलिया : मला आइस्क्रीमच्या टपरीवर काम लागलंय.

अल्टन : लागू दे की. आइस्क्रीम काय, पळून जातंय?

डेलिया : वेसची आई घाबरते.

अल्टन : वेसची आई मांजरालासुद्धा घाबरते. खरं काय ते सांग.

डेलिया : मंगळवारी आले होते मी. दारातूनच परत फिरले. वर्ना गाडीत बसल्या होत्या, स्टिअरिंगवर हात ठेवून. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते त्यांचे.

अल्टन : रोज बसते पोराच्या गाडीत. जेवण झालं की येते आणि बसते. मार्चपासून हेच चाललंय.

डेलिया : सीट त्याने ठेवली तिथेच आहे अजून. पार मागे.

अल्टन : सव्वासहा फुटांचा ताडमाड. मागे नाही घेणार तर काय.

डेलिया : वेसला गिअरची गाडी येत नाही. कोल्बी आणि मी आलटून पालटून चालवणार होतो. आता सगळी मलाच चालवायला लागेल, आणि मला सीट पुढे घेतल्याशिवाय क्लचसुद्धा दाबता येत नाही. तुम्ही विचाराल का त्यांना?

अल्टन : मी? बोटीचं इंजिन दे, डोळे मिटून जोडून देतो. हे नाही व्हायचं माझ्याच्याने. एकदा नुसतं म्हणालो, बसतेस तर पाठीला उशी देऊ का, तर दोन दिवस बोलली नाही. आरसा पुसू देत नाही. खाली त्याने थुंकलेली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडलीत, तीही झाडू देत नाही. आणि तो होता तेव्हा ह्याच टरफलांवरून घर डोक्यावर घ्यायची.

डेलिया : सगळी टीमच चघळायची. तो जरा जास्तच.

अल्टन : आमच्या पोराला कुणाला नाही म्हणता आलं असतं तर आज इथे असता बघ. तळ्यावरचं बर्फ वितळत आलेलं, आंधळ्यालाही दिसत होतं. पण हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर उभी असलेली शेजारच्या म्हाताऱ्याची मासेमारीची झोपडी बर्फावरच राहिली, तर हा निघाला ओढून आणायला, आणि बर्फ फुटलं.

(घराकडच्या दारातून वर्ना गॅरेजात येते.)

वर्ना : खिडकी उघडी आहे, अल्टन. तुझा आवाज बंदरापर्यंत जातो.

अल्टन : आम्ही आपलं रस्ता बघत होतो.

वर्ना : ऐकलं मी काय बघत होतात ते. डेलिया, सीट हलणार नाही.

डेलिया : हो. ही किल्ली ठेवते इथे.

वर्ना : राग आला?

डेलिया : नाही. मलाही नाही हलवायची ती. खरंच.

वर्ना : त्याने कधी तुला चालवायला दिली होती का?

डेलिया : कितीदा तरी. गिअर त्यानेच शिकवले, चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत.

वर्ना : मग तेव्हा सीट?

डेलिया : पुढे घेऊन द्यायचा मला. खटका अडतो तिचा, खालून लाथ घालावी लागते. माझं झालं की परत मागे. म्हणायचा, तुझ्या जागेवर बसलं की माझे गुडघे कानाला लागतात.

वर्ना : म्हणजे सारखी हलायची ती.

डेलिया : हो. पण आत्ता आहे ती त्यानेच ठेवलेली आहे, वर्ना. त्या शेवटच्या रविवारी मी चालवली, आणि मी उतरल्यावर त्याने मागे घेतली. तेव्हाचीच आहे.

वर्ना : तिथे बसलं ना, की मला कळतं तो केवढा होता. विसरायला होतं गं. माझ्याच पोटचा पोरगा, आणि दारात उभा राहिला की डोकं कुठपर्यंत यायचं, ते विसरायला होतं मला.

अल्टन : चल, वर्ना. आत चल.

वर्ना : थांब जरा. शेवटी कोण चालवणार होतं? समुद्र यायच्या आधी?

डेलिया : मी. तो म्हणाला होता, तेवढं तू चालव, मला खिडकीतून नुसतं बघत बसायचंय.

वर्ना : म्हणजे तिथे पोचताना सीट पुढेच असणार होती.

डेलिया : हो.

वर्ना : कुठे आहे तो खटका?

डेलिया : डाव्या बाजूला, खाली.

अल्टन : सरक, मी करतो.

वर्ना : तू नको. तू मोडशील. लाथ कुठे घालायची, डेलिया?

डेलिया : इथे. जरा जोरात.

वर्ना : हलली. बस तू आता. पोचतात पाय?

डेलिया : थोडी अजून पुढे.

वर्ना : आता?

डेलिया : आता पोचतात.

अल्टन : हे बघा. सीटखाली पोतंभर टरफलं साठवून ठेवलीत पठ्ठ्याने. उतर, डेलिया, झाडू आणतो. असली घाण घेऊन कुठे देशभर फिरणार तुम्ही?

वर्ना : राहू दे झाडू.

अल्टन : अगं, पण...

वर्ना : असू देत ती तिथेच. तेवढा तरी तिकडचा समुद्र बघून येईल.