चार गिअर मागं, एक पुढं

आमच्या घरचा नियम ऐका: गाडीच्या कामात थोरल्या काकांना, म्हणजे अण्णांना, प्रश्न विचारायचा नाही. मी मेकॅनिकल शिकलेय, तरीही नाही.

अण्णांनी आमच्या लोहारा गावातल्या वडाप जीपमध्ये, म्हणजे माणशी भाडं घेऊन पाशिंजर नेणाऱ्या गाडीत, दुसऱ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला. त्याचा शाफ्ट जुन्या मागच्या एक्सलसमोर येईना.

"एक्सल उलथा करून बसवा, जुळतंय," अण्णा हाताखालच्या पोरांना म्हणाले.

"अण्णा, चाकं उलटी फिरतील."

"तू गप. पुस्तकं वाचून गाड्या चालत न्हाईत."

एक्सल उलथाच बसला. नारळ फुटला, चारही चाकांपुढं लिंबं ठेवली. अण्णांनी पहिला गिअर टाकला आणि जीप मागच्या मागं कडब्याच्या गंजीत घुसली.

आजोबा ओरडले, "आरं, रिव्हर्स टाक!"

टाकला, तर जीप डुलत पुढं आली आणि लिंबांच्या अलीकडंच थांबली. आजोबा खूश. "झालं की! उद्या तुळजापूरचे पाशिंजर रिव्हर्सवरच न्यायचे."

"व्हय, त्यात काय," अण्णा म्हणाले आणि गंजीत घुसलेली मागची बाजू बघायला खाली उतरले.

मी किल्ली काढून घेतली. "पुढं जायला एक गिअर, मागं जायला चार. अशा गाडीत मी माणसं बसू देणार नाही. एक्सल सरळ करा, मग किल्ली मागा."

अण्णांनी आजोबांकडं बघितलं. आजोबा लिंबांकडं बघत होते. गाडी लिंबं चिरडून पुढं निघायला हवी होती; ती चारही शाबूत होती.