बाबांची झोप आणि अठरा इंची चाकं

…नाही, मला एक सांगा, चाक मोठं केलं की गाडी मऊ चालायला नको का? मोठं चाक खड्ड्यात कमी जातं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल! मलाही तेच वाटलं. आणि वाटलं कुणाला, तर मला! अहो, माझं गाद्यांचं दुकान आहे! सकाळपासून हेच ऐकवत असतो, 'वहिनी, चार इंची नका घेऊ, सहा इंची घ्या, कंबर दुवा देईल.' जाडीवर ज्याचं पोट चालतं, तो माणूस स्वतःच्या गाडीला चपलेच्या तळाएवढे टायर लावून आला. हसत हसत! का? तर दिसायला एक नंबर!

आता तुम्ही म्हणाल, लावले तर लावले, एवढं काय? तर तुम्हाला सांगतो, ती गाडी म्हणजे आमच्या बाबांची झोपायची खोली होती. आई गेली आणि बाबांची झोपच उडाली. दुकानातल्या सगळ्या गाद्या झाल्या, कापसाची झाली, फोमची झाली, स्प्रिंगची झाली… बाबा आपले टक्क जागे. 'काय टोचतंय बाबा?' 'काही नाही.' बाबांचं बोलणं एवढंच! तीन शब्दांच्या वर गेले तर ती उधळपट्टी. अख्ख्या गावाला झोपवणारा मी, आणि घरात ही तऱ्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'या वयात गोळी नको, झोपेत उठून पडतील. पण प्रेशर बघा कुठे गेलंय! काहीही करा, पण झोपवा त्यांना.' आणि तिथून परत येताना, कोपऱ्यावर वळलो न वळलो, तर शेजारी घर्र… घर्र… बाबा झोपले! गाडीत! मग काय, रोज दुपारी जेवणं झाली की दुकान बंद, बाबांना घ्यायचं आणि फिरायचं. गाडी थांबली की जाग येते, म्हणून थांबायचं नाही.

इतकं छान चाललं होतं हो. पण मला अवदसा आठवली. टायर झिजले होते, तेवढे बदलायला गेलो. तिथला तो केस उभे केलेला सेल्समन म्हणतो, 'सर, पंधराच्या रिंगा काय वापरताय? अठरा टाका! लो प्रोफाइल! काय रोड फील येतो!' अहो, रस्ता फील करायला मी अनवाणी नसतो का चाललो? पण नाही विचारलं. समोर त्या चकचकीत रिंगा होत्या ना… दिसायला एक नंबर!

मग कळलं. गाडीखाली चाकाला जागा असते ठरलेली, त्यामुळे बाहेरून चाक तेवढंच राहतं. आतली रिंग वाढली की रबर घटणार, जाणार कुठे? टायरवर आकडा असतो. माझा पासष्टचा चाळीस झाला. म्हणजे टायरच्या रुंदीच्या मानानं त्याची भिंत किती उंच, तो हिशोब. आणि सगळा आराम त्या भिंतीत असतो हो! ती दबते, दणका स्वतः खाते, आपल्यापर्यंत येऊ देत नाही. ती भिंत मी कापली, वर रिंगा जड घेतल्या, आणि दणका कुठे पाठवला? थेट बाबांच्या मणक्यात.

पहिल्याच दुपारी, धाड! बाबांचे डोळे सताड उघडे. 'काय तुडवलंस?' 'खडा होता बाबा.' 'खडा?' पुढे पांढरे पट्टे आले रस्त्यावर रंगवलेले, तेसुद्धा बसल्या जागी मोजता येत होते! झोपेचं नावच नको.

पण गंमत ऐका. जागा माणूस करणार काय? बाबा बोलायला लागले! आधी रस्त्यावर, मग माझ्या गिअरवर, आणि एक दिवस… एक दिवस आईवर. म्हणाले, 'लग्नाआधी ती आणि मी एकाच बसनं कामाला जायचो. ओळख नव्हती. ती दमलेली असायची, माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. मी हलायचो नाही. खड्डा आला की आधीच पाय घट्ट रोवायचो. माझा स्टॉप मागे जायचा.' मी ऐकतोय. पन्नाशीला आलो, हे मला माहीत नाही! म्हटलं, 'आईला कळलं कधी?' बाबा हसले. आईनंतर पहिल्यांदा. म्हणाले, 'त्याचीच तर मजा आहे. एकदा काय झालं…' आणि घर आलं. बायको दारात उभी. 'अहो, डॉक्टरीणबाईंचा फोन होता. सकाळच्या तपासणीत बाबांचं प्रेशर आणखी चढलंय! तुम्ही फिरवताय की छळताय त्यांना?'

खरं होतं तिचं. काय करणार? त्याच संध्याकाळी जुन्या रिंगा, जाड टायर परत. सेल्समन हळहळला, 'सर, दिसायला एक नंबर होती हो!' म्हटलं, होती बाबा, होती.

दुसऱ्या दिवशी बाबा बसले आणि कोपऱ्यावर घर्र… प्रेशर उतरलं, डॉक्टरीणबाई खूश, बायको खूश. आणि मी? मला ती पुढची गोष्ट हवी ना हो! आई होती ती माझी! समोर खड्डा दिसतो. मनात येतं, घालावी गाडी, एकच दणका, बाबा जागे होतील, सांगतील. मग शेजारी बघतो. तोंड उघडं, चेहरा कसा निवांत… आणि स्टिअरिंग आपोआप वळतं. नाही होत माझ्याच्यानं.

शेवटी घरीच विचारलं, जेवताना. 'बाबा, ती बसची गोष्ट अर्धी राहिली. पुढे काय झालं?' बाबांनी पाण्याचा घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले,

'गाडीत सांगतो.'