उघडण्याची सोय वेगळी

मी, ज्याला दिसेल ते बटण दाबतो म्हणून गल्लीत सगळे 'बटण' म्हणतात तो, वय २२ वर्षे, धंदा नोकरी (नवीनच), राहणार आईच्या शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

आमच्या घराला आणि दुकानाला दार एकच आहे. त्याला मी पहिल्या पगारातून फोनवर चालणारं लॉक बसवलं. जुनं कुलूप भंगारात दिलं. आई म्हणाली होती, "किल्ली तरी ठेव रे." ह्या लॉकला किल्लीच लागत नाही, हे मी तिला फार कौतुकाने समजावलं होतं.

आज दुपारी मी आणि आई दोरे घेऊन परत आलो. आत एका नवरीचा ड्रेस होता, बाह्या लावायच्या बाकी होत्या. लग्न आज संध्याकाळचं. लॉक उघडेना. फोनवर मेसेज आला की फ्री पीरियड संपला, आता दरमहा पैसे भरा. मी लगेच भरले. पण लॉक चालू उद्या होईल, असा मेसेज आला.

मी हेल्पलाइनला फोन लावला. मॅडम फार पोलाइट होत्या. म्हणाल्या, "सर, लॉक तुमचंच आहे. उघडण्याची सोय वेगळी असते."

आई म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन तू पाहुणा झालास होय रे?"

मी समोरच्या सुतारकाकांकडे पहार मागितली. ते म्हणाले, "कुणाचं फोडतोयस?" मी म्हणालो, "माझंच." ते म्हणाले, "मग लॉकवाल्यांना विचारलंस का?" तरी पहार दिली, आणि मी लॉक फोडलं. पोलिसांना फोन शेजारच्या काकूंनी केला. त्यांनी मला ओळखलं होतं. बटण आहे म्हणजे काहीतरी भलतंच असणार, असं त्यांना वाटलं.

हवालदारसाहेबांनी लॉक कुणाचं विचारलं. मी पावती दाखवली. त्यावर 'वापरण्याची परवानगी' एवढंच लिहिलंय. फोनवर 'मान्य आहे' दाबताना मी ते वाचलं नव्हतं.

आई ठाण्यात उशिरा आली. तिने आधी बाह्या लावल्या, मग ड्रेस नवरीकडे पोचवला, मग माझी आठवण काढली. तोवर उघड्या दारात सुतारकाका स्टूल टाकून बसले होते.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. नवीन कुलूप आई घेणार आहे, दोन किल्ल्यांचं. एक मला मिळेल का, असं मी तिला इथेच विचारलं. ती हवालदारसाहेबांना म्हणाली, "हेही लिहून घ्या."

हा जबाब मला वाचून दाखवला. नंतर आईने तो मला स्वतःला परत वाचायला लावला, शेवटच्या ओळीपर्यंत. सांगितला तसाच लिहिला आहे. पूर्ण वाचून सही करतोय, हे आयुष्यात पहिल्यांदाच.