हैद्राबादला उतरायचं कुठं

औंढ्याच्या बसस्टँडवर अनुसयाबाई नवऱ्याशेजारी, मसाजींच्या बाजूला, बसल्या होत्या. मागच्या बाकावर हैद्राबादला फिरायला निघालेलं नवं जोडपं. पोरीच्या हातावरची मेंदी अजून लाल होती. अनुसयाबाईंनी पदर सारखा केला आणि कान तिकडंच लावले.

"मावशीचं घर असताना लॉजचा हट्ट काहून करून राहिली? फुकटात राहणं, वर घरचं जेवण!"

"ते जेवण रांधणार कोण?"

"तू लावशील की मावशीला थोडा हात."

"मंग तुमी चारमिनार पाहून या. मी पोळ्या लाटत बसते."

"अगं, मावशी रुसंल."

"साडी घेऊन जाऊ, दुपारभर बसू. राहायचं मात्र लॉजवरच."

"त्या स्वस्तातल्या खोलीत पंखा बी धड न्हाई."

"उकडू द्या. खिडकीतून बाजार तर दिसतो."

"आईला काय सांगू?"

"फोन लावा इकडं. मी सांगते."

"ऱ्हाऊ दे, बाई. करतो लॉज बुक."

अनुसयाबाईंनी मसाजींना कोपरानं ढोसलं.

"अवो, लग्नानंतर आपुन बी गेलतो ना हैद्राबादला?"

"व्हय की! काकूकडं उतरलतो. चारमिनार काय झकास दिसत होता, दिवे लागल्यावर!"

"कसा दिसतो वो?"