साडेचारचा गजर आणि बायकोची झोप

नाही, पण तुम्हीच सांगा, दुकानात जाऊन 'मला असं एक घड्याळ द्या जे मला उठवेल आणि माझ्या बायकोला उठवणार नाही' असं म्हटलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? दुकानदार हसला. त्याचा तो टाय लावलेला विक्रेता हसला. शेजारी मिक्सर बघत उभ्या असलेल्या एक बाई, ज्यांचा माझ्या झोपेशी काडीचा संबंध नाही, त्यासुद्धा तोंडाला रुमाल लावून हसल्या. मी काय आकाशातला चंद्र मागितला होता? मला फक्त उठायचं होतं हो. सकाळी साडेचारला. एवढंच.

आता साडेचारलाच का, ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं हा कोण साधुपुरुष. मी पोहण्याच्या तलावावर असतो. म्हणजे पोहत नाही, पोहायला मला वेळ कुठे आहे, तलाव माझ्या ताब्यात असतो. किल्ल्या माझ्याकडे. एकोणीस वर्षं झाली. फाटकाची एक, पंपाच्या खोलीची एक, कपडे बदलायच्या खोल्यांच्या दोन, आणि एक कशाची आहे ते कुणालाच माहीत नाही, पण ती जुडग्यात आहे म्हणजे आहे. पहिली बॅच सहाची. सहाला लोक पाण्यात पडणार म्हणजे मी सव्वापाचला फाटक उघडायचं, पंप चालू करायचा, जाळीनं पानं काढायची, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे, रंग किती पिवळा होतो ते बघायचं आणि त्या हिशेबानं क्लोरीन घालायचं... कमी पडलं तर लोकांना खाज, जास्त पडलं तर लोकांचे डोळे लाल, आणि दोन्हीला जबाबदार कोण, तर मी. बरं, ही पहिल्या बॅचची मंडळी सगळी निवृत्त. त्यांना झोपच नाही. पावणेसहालाच खांद्यावर टॉवेल टाकून फाटकाशी हजर. त्यातले एक निवृत्त जज. ते तर घड्याळाकडे बघतसुद्धा नाहीत, माझ्याकडे बघतात. जन्मठेप सुनावल्यासारखे.

मग एकोणीस वर्षं मी उठलो कसा? बायकोच्या कृपेनं. ती हॉस्पिटलात सिस्टर. कायमची सकाळची ड्यूटी. ती उठायची साडेचारला, आणि तिचं उठणं म्हणजे आधी नळ, मग भांडं, मग कपाटाचं दार, आणि शेवटी माझ्या पायाचा अंगठा धरून एक पीळ. 'उठा.' एकच शब्द. एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही. आणि मग झालं काय, की तिला बढती मिळाली. वॉर्डाची मुख्य सिस्टर झाली. मीच सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरलो, छाती फुगवून. पण बढतीच्या पाठोपाठ आली संध्याकाळची ड्यूटी. दुपारी जाते ती रात्री साडेअकराला घरी, अंथरुणाला पाठ लागेपर्यंत एक वाजतो. पहिल्याच रात्री मला म्हणाली, 'अहो, एकोणीस वर्षं मी तुमचा गजर होते. आता गजर रिटायर झाला. काय ते यंत्र आणा. पण माझी झोप मोडली तर याद राखा. सोमवारी तलाव बंद असतो, तेव्हा सोमवारी ते वाजलं तर खिडकीतून खाली जाईल. आणि बाकीचे सहा दिवस उठायचं ते एकट्यानं. हळू.' हे सगळं एका दमात. वॉर्डात बोलते ना, तसं. मी मान डोलावली. तुम्हीही डोलावली असती.

आता तुम्ही म्हणाल, फोनवर लावा की गजर. म्हणा, म्हणा. सगळे तेच म्हणतात. फोनला आमच्या खोलीत बंदी आहे. का? तर पहिल्या बॅचचा ग्रुप. तुम्हाला सांगतो, पहाटे साडेतीनपासून ही मंडळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात. टिंग. सुप्रभात. टिंग. आपणांसही सुप्रभात. टिंग. अहो, अडीच तासांनी एकाच पाण्यात उभे राहणार आहात, तेव्हा सांगा की तोंडानं. पण नाही. बायकोनं फोन उचलून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवला, तो अजून तिथेच झोपतो.

म्हणून घरातलं जुनं टीं टीं वाजणारं घड्याळ काढलं. उशाशी ठेवलं. साडेचारला ते वाजलं, टीं टीं टीं टीं, मी उठून बसणार तेवढ्यात बायकोनं माझं मनगट धरलं. डोळे मिटलेले. पूर्ण झोपेत. आणि मला म्हणते कशी, 'हलू नका. किती वेळ असं होतंय?' मी म्हटलं, 'अगं, मी आहे.' 'बोलू नका. पडून राहा.' आणि झोपेतच तिनं माझी उशी काढली आणि माझ्या पायाखाली सरकवली. अहो, तिचं तरी काय चुकलं? वॉर्डात रात्रंदिवस मशीनची टीं टीं. टीं टीं झाली की कुणाचं तरी काहीतरी बिनसलंय, हे तिच्या हाडात मुरलंय. पण माझं बघा. मुख्य सिस्टरनं सांगितलंय हलू नका. तिच्यासमोर मोठेमोठे डॉक्टर हलत नाहीत, मी हलणार? पडून राहिलो. आणि पाय उशीवर घेऊन कधी पडून पाहिलंयत का तुम्ही? काय गाढ झोप लागते म्हणून सांगू. जागा झालो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं. तिकडे फाटकाशी चौदा टॉवेल आणि जजसाहेब. त्यांनी तक्रारवहीत पाऊण पान लिहिलं, कलमं घालून.

साहेबांनी बोलावलं. 'काय झालं?' आता काय सांगू? बायकोनं मला पेशंट समजून झोपवलं, हे कुठल्या साहेबाला सांगता येतं? मी म्हटलं, तब्येत. म्हणजे खोटं नव्हतंच ते तसं.

मग हे रेडिओवालं घड्याळ. आयडिया मेव्हण्याची. बायकोचा भाऊ. त्याला जगातलं सगळं कळतं, फक्त त्याचं स्वतःचं काय चाललंय तेवढं सोडून. 'भाऊजी, ताईला टीं टीं नकोय ना? मग आवाज गोड पाहिजे. चांगला स्पीकर पाहिजे. आणि गजर वाराप्रमाणे लावता आला पाहिजे. मी शंभर जणांची मतं वाचलीत.' शंभर जणांची. त्या शंभरातल्या एकाची तरी बायको सिस्टर होती का? एकाकडे तरी तलावाच्या किल्ल्या होत्या का? पण गेलो. आणि तिथे ते हसणं झालं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

बरं, हसून झाल्यावर तरी नीट दाखवावं. मी म्हटलं, आवाज ऐकवा. तर दुकानात बारा टीव्ही चालू. बारांवर बारा मॅची. तो टायवाला रेडिओ लावतो आणि ओरडतो, 'सर, बेस बघा, बेस.' मी ओरडतो, 'कुठाय?' तो म्हणतो, 'हात ठेवा.' मी घड्याळावर हात ठेवून आवाज बघतोय. वर मेव्हणा विचारतो, 'जाणवला ना, भाऊजी?' मी म्हटलं, गजर वाजवून दाखवा. तर म्हणतो, 'सर, तो वेळ झाल्यावर वाजेल.' दोन मिनिटांनंतरचा लावला. उभे राहिलो. मी, मेव्हणा, टायवाला, आणि मिक्सर सोडून त्या बाईपण आल्या. दोन मिनिटं झाली. पाच झाली. मग टायवाल्याला कळलं की त्यानं गजर रात्रीच्या साडेअकराचा लावला होता आणि आम्ही उभे होतो सकाळच्या. हा मला वेळेवर उठवणार. अहो, मला फक्त उठायचंय, आणि इथे अर्धा दिवस उभं राहून माझे पाय झोपले.

पण घेतलं. कारण गुण खरंच होते. सात वारांचे सात गजर. प्रत्येकाला वेगळा आवाज. सोमवार कोरा. टायवाला म्हणाला, 'सर, वहिनींना त्रास नको असेल तर समुद्राच्या लाटा लावा. सगळे तेच लावतात.' लावल्या लाटा.

आता माझं ऐका. एकोणीस वर्षं मी पाण्याचा आवाज ऐकतोय. पाण्याचा आवाज आला म्हणजे काय? म्हणजे मी कामावर आहे. साडेचारला लाटा सुरू झाल्या आणि मी झोपेतच फाटक उघडलं, पंप लावला, पानं काढली, नळीत थेंब टाकले. रंग अगदी पाहिजे तसा पिवळा आला, प्रत्यक्षात कधी येत नाही इतका सुरेख. जजसाहेबांनी स्वप्नात मला नमस्कार केला. मी खुर्चीवर बसलो, लोक पोहतायत, पाणी चुबुक चुबुक वाजतंय, सगळं वेळेवर... मग कशाला उठायचं? कामावर असलेला माणूस उठून जाणार कुठे? सहा वाजून वीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या काकांनी दार ठोठावलं. तलावावरून त्यांना फोन आला होता, कारण माझा पिठाच्या डब्यामागे वाजत होता.

या वेळी साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, 'आता तिसऱ्यांदा झालं, तर किल्ल्या शिट्टीवाल्याकडे.' शिट्टीवाला म्हणजे आमचा लाइफगार्ड. चाळिशीचा, मिशीवाला, लोक खोल पाण्यात गेले की शिट्टी मारणारा. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, त्यानं पट्ट्याला किल्ल्या अडकवायची कडी लावली होती. नवी कोरी. तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, पंपाच्या खोलीत जाऊन मी डोळे पुसले. अहो, किल्ल्या गेल्या तर मी कोण? हातात जाळी घेऊन उभा असलेला एक माणूस. ती कशाची आहे हे माहीत नसलेली किल्लीसुद्धा त्याच्याकडे जाणार, आणि तो ती काढून टाकणार, मला माहितीय.

मग लाटा रद्द, रेडिओ लावायचा ठरला. पण किती मोठ्यानं? झाली की नाही पंचाईत? म्हणून दुपारी बायको ड्यूटीवर जायच्या आधी चाचणी घेतली. ती आणि मी पलंगावर डोळे मिटून पडलो, आणि मेव्हणा आवाज एकेक आकडा वाढवतोय. 'एक. ऐकू आला? दोन. आला?' तीनवर बायको म्हणाली, 'आला.' मला काही नाही. चार. मला काही नाही. पाचवर मला ऐकू आला. बायको उठून बसली. 'म्हणजे तुम्हाला जाग यायच्या दोन आकडे आधी मला येणार.' मेव्हणा म्हणाला, 'ताई, हे निसर्गतः असतं.' ती म्हणाली, 'ठेवा पाचवर. उद्या माझी झोप मोडू दे, मग बघते यंत्राकडे. आणि दोघांकडे.'

त्या रात्री मी अंथरुणावर पडलो. घड्याळ नाही वाजलं तर किल्ल्या जाणार. वाजलं तर बायको उठणार. एका घड्याळानं माणसाला असं दोन्हीकडून धरावं? आणि काय सांगू, चार पंचवीसला माझे डोळे खाडकन उघडले. आपोआप. खोलीत शांतता, लाल आकडे चमकतायत, बायकोचा श्वास संथ चाललाय. मी घड्याळावर बोट ठेवून चार मिनिटं बसलो... आणि चार एकोणतीसला ते बंद केलं. चोरपावलांनी बाहेर. पाच वाजता फाटकावर. जजसाहेब आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं. शिट्टीवाल्यानं कडी काढली.

तेव्हापासून रोज हेच. तीन महिने. रोज चार पंचवीस. आपण त्याच्यावर खर्च करायचा, त्याला पुसायचं, त्याला वेळेवर गप्प बसवायला आपणच उठायचं, याला काय म्हणायचं? मी बायकोला सांगणारसुद्धा होतो, देवाशपथ. पण ती आता आठपर्यंत झोपते. एकोणीस वर्षांत ती कधी आठपर्यंत झोपलेली मी पाहिली नव्हती. झोपेत तिच्या कपाळावरच्या आठ्या जातात, तुम्हाला सांगतो, पार जातात. मग कोण सांगतंय.

आणि ती खूश. 'काय आवाज आहे हो याचा,' म्हणते, 'इतका मऊ की मला पत्तासुद्धा लागत नाही.' बसली नाही हो गप्प. सगळ्या वॉर्डाला सांगितलं. सहा सिस्टरांनी घरी तेच घड्याळ नेलं. मेव्हण्यानं आमच्यासारखंच, गजर साडेचारला आणि आवाज पाचवर, लावून दिलं, फुकट.

परवा पाच वाजता मी तलावावर पोचतो, तर फाटकाशी सहा नवी माणसं. खांद्यावर टॉवेल, डोळे तारवटलेले. मी म्हटलं, 'तलाव सहाला सुरू होतो, इतक्या पहाटे कसे?' त्यातला एक म्हणाला, 'काय करणार, चार पंचवीसला जाग येते. घरी नवीन घड्याळ घेतलंय ना बायकोनं. आवाज फार छान आहे म्हणे.'

मी विचारलं, 'म्हणे?'

'अजून ऐकला नाही,' तो म्हणाला, आणि बाकीच्या पाचांनी माना खाली घातल्या.

फाटक उघडलं, सगळ्यांना आत घेतलं. साहेबांना कळलं तर साहेब खूश. एकदम सहा नवे सभासद. त्यांच्यासाठी पाचची वेगळी बॅच सुरू केली. तेव्हा आता मला फक्त उठायचंय हो. साडेतीनला. एवढंच.